पुरानंतर पुलाजवळचा नाला मोकळा करताना : परवानगी, पद्धत आणि मर्यादा

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद या नद्यांचे पाणी पोटात घेत वैनगंगा जिल्ह्यातून वाहते. या मोठ्या नद्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु त्यांना जाऊन मिळणारे शेकडो लहान नाले नकाशावर नावानिशी क्वचितच दिसतात. धानाच्या बांध्यांमध्ये पाणी तुंबून राहते ते पुष्कळदा या निनावी नाल्यांमुळेच, आणि त्यातही नाला रस्ता ओलांडतो त्या ठिकाणी. तेथे दोन-तीन नळ्यांची मोरी असते, रपटा असतो किंवा लहान पूल असतो. पुराबरोबर वाहून आलेले ओंडके, बांबू, तणीस, बेशरमाची झुडपे आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या गोण्या त्या तोंडाशी अडकतात. पाऊस थांबतो, आकाश मोकळे होते, पण वरच्या बाजूच्या बांध्यांतील पाणी काही उतरत नाही.

अशा वेळी गावात दोन प्रकारचे लोक दिसतात. काही जण जेसीबी आणून लगेच नाला खोदायला निघतात. काही जण "सरकारी काम आहे, आपल्याला हात लावता येत नाही" असे म्हणून बसून राहतात. दोन्ही मार्गांनी नुकसानच होते. पहिल्यात पूल खचण्याची आणि दंड होण्याची भीती, तर दुसऱ्यात पीक हातचे जाते. तातडीच्या परवानगीचा रस्ता या दोहोंच्या मधून जातो आणि तो वाटतो तितका लांबचा नाही.

वेळ किती असतो?

धान हे पाण्यातले पीक असले तरी ते पाण्याखालचे पीक नव्हे. रोपाचा शेंडा पाण्याबाहेर असेल तर ते बरेच दिवस तग धरते. संपूर्ण रोप बुडाले तर मात्र नेहमीचे वाण साधारणपणे आठवड्याच्या आत मरू लागतात. पाणी गढूळ व उष्ण असेल तर त्याहूनही लवकर, कारण पानांपर्यंत उजेड पोचत नाही आणि पाण्यात प्राणवायू कमी असतो. स्वर्णा-सब१ हे पूर सहन करणारे वाण भारतात २००९ साली प्रसारित झाले. ते वाढीच्या काळात सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहून पुन्हा फुटवे धरू शकते. परंतु तेही फुलोऱ्यात बुडाले तर दाणा भरत नाही. नुकतीच रोवणी झालेली असेल तर गाळाखाली पऱ्हे दबून जातात, ते वेगळेच.

म्हणजे हिशेब चार-पाच दिवसांचा आहे. अर्ज करण्यात पहिला दिवस गेला पाहिजे, चौथा नव्हे.

तुंबलेल्या मोरीने किती फरक पडतो हे एका साध्या उदाहरणावरून पाहू. एका नाल्याचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर आहे, तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून नाल्यात आले असे धरा. म्हणजे तासाला २५,००० घनमीटर, किंवा सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी पुलाशी येते. मोरीला एक मीटर व्यासाच्या तीन नळ्या असतील आणि त्यातून पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल, तर सुमारे ४.७ घनमीटर पाणी निघून जाते. उरलेले पाणी मागे दहा एकरांत पसरले तर तासाभरात जवळजवळ एक वीत चढते. आता त्याच नळ्या गाळाने निम्म्या भरलेल्या असतील तर तेच पाणी एक हाताच्या आसपास चढते. प्रत्यक्षात पाणी रस्त्यावरूनही वाहते आणि नाल्याचा उतार वेगवेगळा असतो, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे समजावेत. पण वीतभर पाण्यात धान उभे राहते आणि हातभर पाण्यात नवी रोवणी बुडते, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आधी दुखणे ओळखावे

पाणी तुंबले की दोष पुलालाच दिला जातो. तो नेहमी खरा नसतो. म्हणून कोणताही अर्ज करण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. तिला पाच मिनिटे आणि एक दोरी पुरते.

पुलाच्या कठड्यावर सुरक्षित उभे राहून दोरीला दगड बांधावा आणि वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडावा. दोरीला गाठ मारावी. हेच खालच्या बाजूला करावे. दोन गाठींमधील अंतर म्हणजे दोन बाजूंच्या पातळीतील फरक. रस्ता पाण्याखाली असेल किंवा पुलावरून पाणी वाहत असेल तर ही तपासणी करू नये. पाणी रस्त्याखाली उतरेपर्यंत थांबावे.

वरच्या बाजूचे पाणी खालच्या बाजूपेक्षा हातभर किंवा अधिक उंच असेल तर अडथळा पुलातच आहे. तो काढल्यास पाणी उतरेल. दोन्ही बाजूंना पाणी जवळजवळ सारखेच उंच असेल तर पुलाखालची सफाई करून काहीही साधणार नाही. अडथळा पुढे कोठेतरी आहे: खालच्या शेतकऱ्याने नाल्यात घातलेला बांध, मासे धरण्यासाठी लावलेला बांबूचा आडोसा, बेशरमाचे रान, किंवा खुद्द नदीच.

या शेवटच्या कारणाकडे वैनगंगाकाठच्या गावांनी विशेष लक्ष द्यावे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात झालेल्या मोठ्या पावसामुळे वरच्या धरणांतून पाणी सोडले गेले, वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह काठच्या अनेक गावांत पाणी शिरले. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले होते. नदी अशी भरलेली असताना तिला मिळणाऱ्या नाल्यांचे पाणी पुढे जात नाही, उलट नदीचे पाणी नाल्यात मागे शिरते. याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याच्या पाण्यात नाला खोदणे म्हणजे भरलेल्या हौदात खड्डा करण्यासारखे आहे. नदी उतरली की ते पाणी आपोआप उतरते. तोवर यंत्राच्या भाड्याचा पैसा वाचवावा हे बरे. फुगवटा उतरल्यावर पुलाच्या दोन बाजूंमध्ये फरक राहतो का, हे पुन्हा पाहावे. तसा फरक राहिला तरच अर्ज करावा.

पूल कोणाचा, नाला कोणाचा?

आपल्याकडे एक गैरसमज फार खोल गेलेला आहे. नाला माझ्या दोन बांध्यांच्या मधून जातो, म्हणून तो माझा, असे मानले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर नद्या, ओढे, नाले, तलाव व त्यांचे तळ हे शासनाचे असतात. तळाशी असलेली वाळू किंवा मुरूम हे गौण खनिज आहे आणि त्यावर कलम ४८ लागू होते. म्हणून नाल्यातील झुडूप तोडणे आणि नाल्यातील रेती उचलणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत.

पुलाचा मालक रस्त्यावरून ठरतो. गावरस्ते व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. नागपूर-भंडारा-साकोली-रायपूर हा पूर्वीचा क्रमांक ६ चा आणि आता ५३ क्रमांकाचा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. रेल्वेखालील मोरीला रेल्वेच्या परवानगीशिवाय हात लावू नये, मग ती कितीही लहान असो. कालव्याखालून नाला जात असेल तर जलसंपदा विभाग. माजी मालगुजारी तलावाच्या सांडव्यातून, ज्याला आपल्याकडे सलंग म्हणतात, निघालेला नाला असेल तर बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग.

जंगलाशेजारच्या गावांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सातबारावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी पूर्व विदर्भात पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमिनीच मानल्या आहेत. नाला अशा जमिनीतून जात असेल तर यंत्र उतरवण्यापूर्वी वनविभागाला विचारावे लागते. काठावरची जांभूळ, मोह, ऐन, साग ही झाडे उभी तोडण्यासाठीही वेगळी परवानगी लागते. पुराने उन्मळून पुलात अडकलेले झाड काढणे निराळे. तरी त्याचे लाकूड घरी नेण्यापूर्वी पंचनाम्यात नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

तातडीची परवानगी कोणत्या मार्गाने मिळते?

आपल्या कायद्यात 'पुरानंतर नाला सफाईचा आणीबाणी परवाना' असा एकच छापील नमुना नाही. त्यामुळे शेतकरी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो. खरे पाहता तीन वेगवेगळे मार्ग आहेत आणि आपले काम कोणत्या मार्गात बसते ते आधी ठरवावे.

पहिला मार्ग सर्वात सोपा. पुलाच्या नळ्या किंवा गाळे तुंबले असतील तर ते साफ करणे हे ज्याचा पूल त्या खात्याचे देखभालीचे काम आहे. त्यासाठी शेतकऱ्याने परवानगी मागण्याचे कारणच नाही. त्याने मागणी करायची आहे. उपअभियंत्याच्या नावे लेखी मागणी द्यावी व पोच घ्यावी. गावाने श्रमदान करायचे ठरवले असेल तर त्याच पत्रात तसे लिहावे आणि खात्याचा शाखा अभियंता हजर राहावा अशी विनंती करावी. गावचे हात आणि खात्याची देखरेख अशी जोड मिळाली तर काम एका दिवसात होते.

दुसरा मार्ग आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा. या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. कलम ३४ प्रमाणे आपत्तीच्या वेळी ढिगारा व अडथळे हटवणे, तात्पुरते पूल उभारणे, तसेच धोकादायक किंवा आपत्ती वाढवणारी बांधकामे पाडणे, हे अधिकार या प्राधिकरणाला आहेत. कलम ५० प्रमाणे तातडीच्या खरेदीसाठी निविदेची नेहमीची पद्धत बाजूला ठेवता येते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत सार्वजनिक जागेतील ढिगारा हटवणे आणि पुराचे पाणी काढून देणे या बाबी समाविष्ट होत्या. म्हणून अनेक शेतांत पाणी तुंबले असेल, घरांना धोका असेल किंवा रस्ता बंद पडला असेल तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. वैयक्तिक अर्जापेक्षा ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला अर्ज अधिक वजनदार ठरतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. दूरध्वनी केला तरी लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा, कारण नंतर हातात कागदच राहतो.

तिसरा मार्ग रेती-मातीचा. यात केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाची १५ जानेवारी २०१६ ची अधिसूचना शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे. कोणत्या कामांना पूर्व पर्यावरण अनुमती लागत नाही याची यादी तिच्या परिशिष्टात दिली आहे. पुरानंतर शेतकऱ्याने आपल्या शेतात साचलेली वाळू काढणे, देखभाल व आपत्ती निवारणासाठी नद्या, कालवे, धरणे यांतील गाळ काढणे, आणि पूरपरिस्थितीत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने कालवा, नाला वगैरे फुटलेल्या ठिकाणी भर घालण्यासाठी साधी माती खणणे ही कामे त्या यादीत आहेत. मार्च २०२० मध्ये यादी नव्याने काढली गेली तेव्हाही या बाबी कायम राहिल्या. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या यादीतील एक नोंद रद्द केली. ती रस्ते-लोहमार्गांसारख्या लांब पट्ट्याच्या कामांसाठी लागणाऱ्या मातीची होती, शेतकऱ्याच्या सवलतीची नव्हे.

येथेच पुष्कळांचा पाय घसरतो. ही सूट पर्यावरण अनुमतीपुरती आहे. महसूल खात्याची परवानगी त्यामुळे माफ होत नाही. शेतात साचलेली वाळू शेताबाहेर न्यायची किंवा विकायची असेल तर तहसीलदारांमार्फत रीतसर परवानगी आणि वाहतुकीचा परवाना घ्यावाच लागतो. विनापरवाना गौण खनिज काढल्यास संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय ट्रॅक्टर व यंत्र जप्त होते. ट्रॅक्टर सोडवण्यासाठी हंगामभर कचेरीच्या पायऱ्या झिजवणारे शेतकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. चार ट्रॉली रेतीसाठी ते परवडणारे नाही.

पुलाजवळची रेती का उचलू नये?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर कायदा जाचक वाटत नाही. पुलाचा पाया नाल्याच्या तळाखाली ठराविक खोलीपर्यंत गेलेला असतो. भोवतालची रेती व दगड त्या पायाला आधार देतात. पुलाच्या खालच्या बाजूला खोल खड्डा झाला की वरून येणारे पाणी त्या खड्ड्यात उडी घेते. जेथे उडी घेते तेथील तळ कापला जातो आणि ती कडा प्रत्येक पुरात थोडी थोडी वरच्या बाजूला सरकत पुलापर्यंत येते. खड्डा पुलापासून बराच दूर असला तरी धोका टळत नाही तो यामुळे. लहान मोरीत आधी खालच्या तोंडाची तळफरशी लोंबकळू लागते, मग तिच्याखालची माती निघते आणि एका रात्री नळी सरकते. रस्ता तुटला की त्याच गावाचा धान बाजारात जायचा थांबतो.

केंद्राच्या वाळू उत्खननाच्या मार्गदर्शक सूचनांत (२०१६ व २०२०) पुलाजवळील उत्खननास मनाई आहे, ती याच कारणाने. मोठे पूल व महामार्ग यांच्यापासून दोन्ही बाजूंना एक किलोमीटर, किंवा पुलाच्या गाळ्याच्या लांबीच्या वरच्या बाजूला पाचपट व खालच्या बाजूला दहापट अंतर सोडावे. मात्र ते वर किमान २५० मीटर आणि खाली किमान ५०० मीटर असावे, असे त्यात सांगितले आहे. खालच्या बाजूचे अंतर दुप्पट का, हे वरच्या परिच्छेदावरून ध्यानात येईल.

अशा घाईची किंमत परदेशातही मोजली गेली आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ऑगस्ट २०११ मध्ये 'आयरीन' वादळाने मोठे पूर आले. रस्ते व पूल वाहून गेले आणि लोकांनी यंत्रे उतरवून अनेक ओढे खोल व सरळ करून टाकले. सरळ केलेल्या ओढ्यात पाण्याचा वेग वाढतो, काठ कापले जातात, माशांचे ठिकाण नष्ट होते. पुढच्याच वर्षी तेथे कायदा सुधारून तातडीच्या कामाची मर्यादा व ते कळवण्याची पद्धत ठरवण्यात आली. तेथेही तातडीच्या नावाखाली अडथळा काढता येतो, नाल्याला नवा आकार देता येत नाही.

अर्ज कसा लिहावा?

लांबलचक कैफियत लिहू नये. पान भरेल एवढा अर्ज पुरे. नमुना म्हणून पुढील मजकूर वापरता येईल.

"प्रति, मा. तहसीलदार. विषय : अमुक गावाजवळ अमुक रस्त्यावरील मोरीतील अडथळा तातडीने काढण्याबाबत. महोदय, दिनांक अमुक रोजीच्या पुरानंतर सदर मोरीच्या तीनपैकी दोन नळ्या ओंडके व गाळाने बंद झाल्या आहेत. आज सकाळी वरच्या व खालच्या बाजूच्या पाण्यात इतक्या फुटांचा फरक मोजला. त्यामुळे गट क्रमांक अमुक ते अमुकमधील इतके एकर धान इतक्या दिवसांपासून पाण्याखाली आहे. अडथळा काढण्याचे आदेश संबंधित खात्यास द्यावेत. यंत्र लागल्यास ते शाखा अभियंत्यांच्या देखरेखीखाली चालवावे. निघालेला गाळ व रेती जागेवर मोजून पंचनाम्यात घ्यावी. ती आम्ही नेणार नाही. ग्रामपंचायतीचा ठराव व छायाचित्रे सोबत जोडली आहेत."

शेवटच्या ओळीआधीचे वाक्य मुद्दाम घातले आहे. नाला सफाईच्या नावाखाली रेती नेली जाईल, ही अधिकाऱ्यांच्या मनातील पहिली शंका असते. ती आपणच दूर केली तर सही लवकर होते असा अनुभव आहे.

अर्जाच्या प्रती पुलाच्या खात्याला, ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला द्याव्यात. छायाचित्रे तीन पुरेत: पुलाचे वरचे तोंड, खालचे तोंड आणि बुडालेले शेत. प्रत्येकात पुलाची ओळख पटेल अशी काही खूण असावी. शेतात तीन इंचांहून अधिक जाडीचा गाळ किंवा रेती साचली असेल तर त्याच भेटीत ती जाडी पंचनाम्यात लिहून घ्यावी. अल्प व अत्यल्पभूधारकांना असा गाळ काढण्यासाठी वर उल्लेखिलेल्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांप्रमाणे हेक्टरी १८,००० रुपये मदत होती, आणि तीन इंचांची अट त्यात होती. गाळ आधी काढून टाकला आणि मग पंचनामा मागितला तर दाखवायला काही उरत नाही.

अडथळा नैसर्गिक नसून शेजाऱ्याने घातलेला बांध असेल तर रस्ता वेगळा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतातील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास केलेला अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. धान कापून झाले, मळणी झाली, मग पाहू, असे म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते.

प्रत्यक्ष काम

पाणी जोरात वाहत असताना कोणीही नळीत किंवा पुलाखाली उतरू नये. वरच्या बाजूने तर मुळीच नाही. अडकलेला ओंडका सुटला की साचलेले सगळे पाणी एकदम नळीकडे ओढ घेते आणि माणसाला आत खेचते. पाणी गुडघ्याखाली आल्यावरच, कमरेला दोर बांधून, काठावर दोन माणसे दोर धरून उभी असताना काम सुरू करावे. पुराच्या काडीकचऱ्यात साप हमखास असतात. जवळपास विजेची तार तुटून पडली आहे का, ते आधी पाहावे.

काम खालच्या बाजूकडून सुरू करून वर जावे. पाण्याला आधी पुढची वाट मोकळी हवी. ओंडके जागेवर कुऱ्हाडीने किंवा आऱ्याने तुकडे करून दोराने काठावर ओढावेत. ट्रॅक्टरने ओढताना दोर पुलाच्या कठड्याला किंवा खांबाला गुंडाळू नये. अडकलेला ढीग पुलाखालीच पेटवून देण्याची सवय काही ठिकाणी दिसते. त्या उष्णतेने काँक्रीट व दगडी बांधकाम तडकते. तसे करू नये.

गाळ काढताना मूळ तळ कोठे आहे हे शोधणे महत्त्वाचे. बहुतेक मोऱ्यांना तळफरशी असते. सब्बल ठोकून ती लागते का पाहावे. तीच आपली मर्यादा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जसा लेव्हल घेतो, तसा लेव्हल घेऊन फरशीची उंची पुढे व मागे काठीवर खुणावून घ्यावी आणि त्या खुणेखाली फावडे जाऊ देऊ नये. यंत्र लावलेच तर शेवटचा अर्धा फूट गाळ माणसांनीच काढावा, कारण यंत्राच्या दातांनी फरशी उखडते. तोंडाशी रचलेले दगड हे पुराने आणून टाकलेले नसून पाया जपण्यासाठी घातलेले अस्तर असते. ते घराच्या जोत्यासाठी उचलून नेऊ नयेत. फक्त पुलाजवळ नाला रुंद करण्याचाही उपयोग होत नाही. तेथे पाण्याचा वेग मंदावतो आणि पुढच्या पावसात तितकाच गाळ पुन्हा बसतो.

बेशरम मुळासकट उपटावा. त्याचा तुकडा ओल्या जागी पडला तरी फुटतो, म्हणून तो प्रवाहात न सोडता उंच जागी वाळू द्यावा. काठावरील गवत मात्र ठेवावे, ते माती धरून ठेवते. निघालेला कचरा काठावरच ढीग करून सोडला तर पुढचा पूर तो पुढच्या पुलाला नेऊन देतो.

नळ्या मोकळ्या करण्यापूर्वी खालच्या शेतकऱ्यांना निरोप देणे हा साधा माणुसकीचा भाग आहे आणि भांडण टाळण्याचाही. साचलेले पाणी एकदम सोडले तर त्यांच्या बांध्या फुटतात. म्हणून तीन नळ्यांपैकी आधी एक मोकळी करावी, पाणी ओसरू द्यावे आणि मग दुसरीला हात घालावा. रस्ता फोडून पाणी काढण्याचा विचार तर मनातही आणू नये. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२६ प्रमाणे सार्वजनिक रस्ता व पुलाची नासधूस करणे आणि पूर आणून किंवा निचरा अडवून नुकसान करणे, या दोन्हींना पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. रस्ता कापणे खरोखरच आवश्यक असेल तर तो निर्णय जिल्हा प्राधिकरण व रस्त्याचे खाते यांनी घ्यायचा आहे.

मे महिन्यातील दोन तास

पुरानंतरची धावपळ कमी करायची असेल तर मे महिन्यात, नाला कोरडा असताना, गावातील प्रत्येक मोरी एकदा पाहून यावी. नळीत वाकून पाहिले की दुसऱ्या टोकाचा उजेड किती गोल दिसतो यावरून गाळ कळतो. निम्मा गोल दिसला तर निम्मी मोरी गेली असे समजावे. अशा मोऱ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या ठरावासह मेअखेरपर्यंत संबंधित खात्याला द्यावी. तेव्हा खात्याला मान्सूनपूर्व कामे करायचीच असतात. जुलैत हाच कागद अडचणीचा अर्ज होतो.

त्याच फेरीत शाखा अभियंत्यांना विचारून मोरीच्या भिंतीवर दोन्ही तोंडांशी तेलरंगाने फुटांच्या खुणा रंगवून घ्याव्यात. शून्याची रेघ तळफरशीच्या पातळीवर असावी आणि दोन्ही बाजूंच्या रेघा नळीतील पाण्याने एकाच पातळीत जुळवलेल्या असाव्यात. असे केले की पावसाळ्यात दोरी व दगडाचीही गरज राहत नाही. रस्त्यावरून जाणारा शाळकरी मुलगासुद्धा वर किती व खाली किती हे वाचून सांगू शकतो, आणि तोच आकडा अर्जात लिहिता येतो.